देणारा हात आणि घेणारा हात

ज्येष्ठ लोकप्रतिनिधीवर भ्रष्टाचाराचा आरोप आला, की त्याचे अनुयायी पहिला प्रश्न ठरलेला विचारतात : साहेबांनी स्वतःच्या खिशात काय घातले? या प्रश्नाने महाराष्ट्राची एकदा पुरेपूर दिशाभूल केलेली आहे.

बॅरिस्टर अंतुले १९८० च्या जूनमध्ये मुख्यमंत्री झाले, तेव्हा सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होते आणि चार खणांचे घर बांधणाऱ्यास मोजक्या पोत्यांसाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत. त्याच वर्षी त्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान स्थापिले. साहित्यिक-कलावंतांस साह्य करण्याचा त्याचा हेतू कोणासही आवडावा असाच होता. परंतु १९८१ च्या ऑगस्टअखेर अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मधून दाखवून दिले, की सिमेंटचा कोटा मिळविणारे बांधकामवाले प्रतिष्ठानाचे देणगीदारही होते. साखर कारखान्यांकडूनही देणग्या आल्या. आणि कारखान्याची देणगी म्हणजे अखेर सभासदाच्या उसाचाच पैसा, हे सोलापूर जिल्ह्यातील वाचकास सांगावयास नको. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंटवाटप व देणग्या यांतील संबंध ग्राह्य धरला आणि त्याच महिन्यात अंतुले पायउतार झाले.

पुढे खटला वर्षानुवर्षे कज्ज्याच्या वाटेने गेला. आमदार हा लोकसेवक नव्हे, म्हणून खटल्यास पूर्वपरवानगी नको, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ठरविले आणि खटला उच्च न्यायालयाकडे सोपविला. १९८८ मध्ये तो सोपविण्याचा आपलाच आदेश त्याच न्यायालयाने मागे घेतला. अंतुल्यांना शिक्षा झाली नाही, ते पुढे केंद्रात मंत्रीही झाले, हे नमूद करणे न्यायाचे होईल. तथापि, शिक्षा झाली नाही म्हणजे आक्षेपच नव्हता, हे आम्हांस मान्य नाही.

बाजारातला मापाडीच आडत्याचा भागीदार असेल, तर काटा खरा असूनही शेतकरी पोत्याकडे संशयानेच पाहणार. मुख्यमंत्र्यांचा एक हात कोटा देत होता, दुसरा देणगी घेत होता. पैसा घरी गेला की प्रतिष्ठानात, हा प्रश्न त्यानंतरचा.

राज्यसभेने १९९७ मध्ये नीतिमत्ता समिती नेमली, आणि सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवण्याचा नियमही तेथे आहे. तरीही विमान कंपनीचे मालक विजय मल्ल्या नागरी विमान वाहतुकीच्या संसदीय समितीवर बसलेच. हितसंबंध लिहून देणे निराळे आणि त्या विषयापुरते उठून बाहेर जाणे निराळे. (लिहून देण्यास शाईच लागते!)

दिल्ली दूर आहे म्हणून आपण निश्चिंत राहू नये. सोलापूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे संचालक मंडळ २०१८ मध्ये बरखास्त होऊन तेथे प्रशासक आला. कोणा एकाकडे बोट दाखविण्याचा आमचा मानस नाही. पण सहकारातील आपला रिवाज असा, की बँकेत कर्ज मंजूर करणारा आणि कारखान्यासाठी कर्ज मागणारा पुष्कळदा एकाच घरचा, नाही तर एकच असतो. आणि आपण त्यालाच कर्तृत्व म्हणून हार घालतो. तेव्हा कारखान्याच्या कर्जाचा विषय निघताच संबंधित संचालक बैठकीतून उठून गेले की नाही, हे इतिवृत्तात नावानिशी लिहिले जावे, आणि वैरागच्या सभासदाने मागताच ते इतिवृत्त त्याच्या हाती पडावे, एवढी तरी तरतूद सहकार खात्याने करावी.