बिनखुणेची कबर आपोआप तयार होत नाही

१/ ऑस्ट्रेलियातील जुन्या चर्च-मिशनांच्या आवारात आदिवासी मुलांच्या बिनखुणेच्या कबरी आहेत, हा विषय निघाला की दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला : "सांगाडे कुठे आहेत? दाखवा." दुसरा : "लाकडी क्रूस होते, कुजले. काळाने खूण पुसली, त्यात दोष कुणाचा?" दोन्ही आक्षेप ऐकायला वाजवी वाटतात, इतिहासाच्या कसोटीला मात्र दोन्ही उतरत नाहीत. हा धागा त्याविषयी.

२/ आधी हे पाहू की ही मुले तेथे पोहोचली कशी. क्वीन्सलँडमधील १८६५ च्या कायद्याने आदिवासी किंवा मिश्रवंशीय मातेच्या पोटी जन्मलेले मूल 'दुर्लक्षित बालक' या व्याख्येत बसवले. म्हणजे हेळसांड सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. आईचा वंश हाच पुरावा. १८९७ च्या कायद्याने आदिवासींना कोणत्याही राखीव वसाहतीत हलवण्याचा अधिकार सरकारला दिला. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ पासून आदिवासी मुलांचा कायदेशीर पालक 'मुख्य संरक्षक' हा सरकारी अधिकारी झाला. आईबाप जिवंत असतानाही!

३/ आता एकच ठिकाण घेऊ : मापून, केप यॉर्क द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा. १८९१ मध्ये मोरेव्हियन मिशनऱ्यांनी प्रेस्बिटेरियन चर्चच्या वतीने येथे मिशन उभारले. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून वसतिगृहात ठेवले जाई. दूरदूरच्या भागांतूनही मुले येथे पाठवली गेली. त्यांतली जी येथेच दगावली, त्यांची माणसे शेकडो मैलांवर होती. त्यांच्या कबरीवर दिवस घालायला, माती सारखी करायला येणार कोण?

४/ तरीही मापूनच्या रहिवाशांनी आपल्या मृतांची जागा स्मरणात ठेवली. मग त्या प्रदेशात बॉक्साइट सापडले. १९५७ मध्ये खाणकंपनीला भाडेपट्टा मिळाला. सरकार आणि चर्च या दोघांनाही मिशन बंद करायचे होते. १५ नोव्हेंबर १९६३ च्या रात्री पोलीस आले, उरलेल्या लोकांना बोटीने उत्तरेकडे हलवले गेले आणि त्यांची घरे जाळण्यात आली. लोक परतू लागले ते १९७४ पासून.

५/ "काळाने खूण पुसली" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न : लाकूड सगळीकडेच कुजते. आपल्या गावातली समाधीही दरवर्षी कोणी चुना लावला नाही तर दिसेनाशी होते. खूण टिकते ती दगडामुळे नव्हे, ती राखणाऱ्या माणसांमुळे. ती माणसेच उठवून लावली, तर नंतर दोष पावसाला आणि वाळवीला देणे हा शुद्ध कांगावा आहे.

६/ आता सांगाड्यांविषयी. जमिनीत शिरणारे रडार हाडे शोधत नाही. ते रेडिओलहरी खाली सोडते आणि परतलेल्या लहरींवरून मातीचे थर कुठे विस्कटले आहेत ते दाखवते. खड्डा खणून पुन्हा बुजवला की तो विस्कोट दीर्घकाळ राहतो. झाडाची मुळे किंवा दगडही फसवू शकतात. म्हणून मापूनमध्ये पुरातत्त्वज्ञांनी रडार फिरवले ते स्थानिकांच्या सोबतीने, त्यांच्या आठवणींचा आधार घेऊन.

७/ कॅनडातील कॅमलूप्सचे उदाहरण देऊन काही जण सगळेच उडवून लावतात. मे २०२१ मध्ये तेथे २१५ मुलांचे अवशेष सापडल्याचे जाहीर झाले. पुढे तो आकडा सुमारे २०० संभाव्य जागांवर आला. ही दुरुस्ती आवश्यकच होती. रडारच्या खुणेला 'मृतदेह' म्हणू नये. पण घाईने दिलेला मथळा चुकला म्हणून मुलांना हिरावून नेणे खोटे ठरत नाही. त्याचा पुरावा कायद्याच्या पुस्तकात छापलेला आहे.

८/ आपल्याकडे तिसराही एक सूर लागतो : "बघा, हे चर्चवाले!" ज्यांना त्या मुलांशी काही देणेघेणे नाही, त्यांच्या हातातले हे सोयीचे दगड. चर्चची जबाबदारी आहेच, ती कोणी झाकू नये. पण कायदे संसदेने केले, पोलीस सरकारचे होते. न्यू साउथ वेल्समधील किंचेला हे मुलांचे केंद्र १९२४ ते १९७० सरकारच चालवत होते. तेथे मुलांना नावाऐवजी क्रमांक दिले जात. तेथेही आता रडारने संशयास्पद जागा दाखवल्या आहेत.

९/ १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने अंदाज दिला : १९१० ते १९७० या काळात दर ३ पैकी १ ते दर १० पैकी १ आदिवासी मूल कुटुंबापासून हिरावले गेले. अंदाजाची व्याप्ती इतकी मोठी का? कारण ज्यांनी मुले नेली, त्यांनीच नोंदी ठेवल्या, किंवा ठेवल्या नाहीत. अशा वेळी "कागद दाखवा" म्हणणे हा तटस्थपणा नव्हे. तो आरोपीच्याच दप्तराला अखेरचा साक्षीदार मानणे आहे.

१०/ १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. ती मोलाची होती. पण माफीने आत्याची कबर सापडत नाही. त्यासाठी चर्चची आणि सरकारची दफन-नोंदवह्या, वसतिगृहांचे हजेरीपट कुटुंबांना खुले व्हायला हवेत. त्या जमिनींवर खाण किंवा इमारत येण्याआधी पाहणी व्हायला हवी. आणि खणायचे की नाही, हे त्या समाजानेच ठरवायला हवे.

११/ इतिहास शिकणाऱ्या आपण सर्वांनी एवढे तरी पाळावे : पुढच्या वेळी कोणी "सांगाडा दाखवा" म्हणाले, तर उलट विचारा, "मूल कुठे नेले, याची नोंद तुम्ही दाखवा." पुराव्याचे ओझे मूल नेणाऱ्यावर असते, मूल शोधणाऱ्यावर नाही.