खाणीचा कायदा बोगद्यालाही हवा

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या भूमीत कोळसा नाही. तो चंद्रपुरास, वणीस आणि उमरेडला निघतो. येथे सारा काळा पाषाण, आणि त्याच्या थरांत अधूनमधून लाल मातीचा एखादा पट्टा, जो पाणी लागताच भुसभुशीत होतो. तरीही डोक्यावर डोंगर घेऊन काळोखात पाळ्यांनी राबण्याचा व्यवसाय या परिसराइतका जुना महाराष्ट्रात थोड्याच ठिकाणी असेल. १८५६ साली बोर घाटाचे काम निघाले आणि १८६३ साली आगगाडी खंडाळ्यास चढली, तेवढ्या अवधीत येथे पंचवीस बोगदे खोदले गेले आणि सुरुंग, दरडी व पटकी यांना हजारो मजूर बळी पडले. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९ मध्ये येथे येताच आजारी पडून निवर्तला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालविला, हे सर्वश्रुत आहे. मजुरांची मात्र अंदाजाने सांगितलेली संख्याच काय ती उरली आहे.

आमच्या काळात हेच डोंगर पुन्हा फोडले गेले. पनवेल–कर्जत लोहमार्गासाठी वावर्ले येथे अडीच किलोमीटरांहून लांब, तर द्रुतगती मार्गासाठी खोपोलीहून कुसगावकडे जवळजवळ नऊ किलोमीटरांचा बोगदा खोदण्यात आला. परंतु २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९५२ च्या खाण अधिनियमाची व्याख्या अशी होती की, खनिजासाठी खोदले तर ती खाण. वाटेसाठी खोदले तर ते बांधकाम. ज्वालाग्राही वायूचे भय सोडले, तर छत ढासळणे, सुरुंगानंतरचा विषारी धूर, फुप्फुसांत साचणारी धूळ आणि अकस्मात फुटणारे पाणी ही संकटे दोहोंकडे तीच. संरक्षण मात्र निराळे.

कोळसा खाणीत सरदार वा ओव्हरमन असा पर्यवेक्षक होण्यास परीक्षा देऊन सनद मिळवावी लागते. बाहेर पडण्यास दोन निर्गम लागतात. पाणी साचलेल्या जुन्या पोकळीच्या साठ मीटरांच्या आत परवानगीवाचून खोदता येत नाही. आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या अधिकाऱ्यास धोका दिसला, तर काम थांबविण्याचा हुकूम तो देऊ शकतो. नियम असले म्हणजे माणसे वाचतातच असे नाही, हे खरे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून ३७५ माणसे दगावली, तीही हे नियम अस्तित्वात असतानाच. तथापि त्या दुर्घटनेची न्यायालयीन चौकशी झाली, कारण अधिनियमातच तशी तरतूद होती. बोगद्याच्या मजुरासाठी २०२५ पर्यंत १९९६ चा बांधकाम कामगार अधिनियम व १९९८ चे केंद्रीय नियम होते, त्यांत बोगद्यांचे प्रकरणही होते. पण इमारतीच्या परांचीसाठी आणि भूगर्भातील कामासाठी एकच कायदा, एकच तपासणी यंत्रणा, ही योजना मला मूलतः अपुरी वाटते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरकाशीच्या सिल्क्यारा बोगद्यात ४१ मजूर सतरा दिवस कोंडले गेले. अवजड यंत्र निकामी झाल्यावर अखेरचा ढिगारा हातांनी उपसला तो उंदराच्या बिळासारख्या अरुंद वाटा खोदणाऱ्या कामगारांनी. मेघालयातील कोळशाच्या खाणींत याच पद्धतीवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये बंदी घातली होती. दुसरी वाट असती, तर त्या ४१ जणांना या खोदणाऱ्यांची प्रतीक्षा करावी लागली नसती.

आमचा पाषाण कठीण आहे, हिमालयाची भीती येथे नको, असे कोणी म्हणेल. परंतु पावसाळ्यात सह्याद्रीच्या या उतारांवर पाणी कोठून कोठे झिरपते हे वरून कळत नाही, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापुरात इर्शाळवाडी डोंगराखाली गेली, हे विसरण्याजोगे नाही.

म्हणून राज्य शासनाने केंद्राकडे आग्रह धरावा की, भूमिगत खोदकाम कशासाठी आहे हे न पाहता त्याला खाणीचेच नियम लावावेत: सनदी पर्यवेक्षक, पर्यायी निर्गम वा सुरक्षित आश्रयकक्ष, जवळच सज्ज बचाव पथक. तोपर्यंत निविदेच्या अटींत हे घालण्यास शासनाला कोणाची आडकाठी नाही. कर्जत-खालापूरच्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या बोगद्याची निविदा निघण्यापूर्वीच ही मागणी विधिमंडळात मांडावी.