गव्हाणीतील गोसेवा

दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी चिमूरच्या परिसरात गाई न्हाऊनमाखून सजतात, त्यांना गोडाचा घास भरवला जातो. त्याच गाई वैशाखात पाहाव्यात. बरगड्या मोजून घ्याव्यात, कासेत वासरापुरतेही दूध नाही! चिमूरला पाऊस पुष्कळ. पण तो चार महिन्यांत येऊन जातो. गव्हाणीपुरते बोलायचे तर उन्हाळ्यात हा प्रदेश आणि दुष्काळी मराठवाडा यांत फारसे अंतर उरत नाही.

गाय जगते ती धानाच्या तणसावर. तणसाने पोट भरते, पोषण होत नाही. त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. अशी गाय वेळेवर माजावर येत नाही, आटते, आणि अखेर बाजाराची वाट धरते. कसायाच्या दारात उभी राहिलेली गाय आपल्याला दिसते. तिला तेथवर नेणारी रिकामी गव्हाण मात्र दिसत नाही.

वैरण नसली की गुरे जंगलात जातात. ताडोबाच्या शेजारच्या या गावांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. चराई आणि गवताचा भारा यांपायी गुरांबरोबर माणसेही वाघाच्या तोंडी गेली आहेत. म्हणजे प्रश्न केवळ दुधाचा नाही, घरच्या माणसाच्या जिवाचाही आहे.

उपाय अवघड नाहीत. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, तणस दाबून हवाबंद झाकावे व एकवीस दिवसांनी उघडून, वारा देऊन खाऊ घालावे. त्यातील प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात. कोरडा युरिया किंवा त्याचे पाणी जनावराला विषच, आणि सहा महिन्यांखालील वासराला हे तणस देऊ नये, एवढे पथ्य पाळावे. वैरणीची कुट्टी केली तर नासाडी टळते. सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे कुटार जाळण्याऐवजी साठवावे. बांधावर संकरित नेपियर व शेवरी लावावी; पावसाळ्यातील मक्याचा मुरघास उन्हाळ्यासाठी ठेवावा. दुभत्या गाईला दर अडीच लिटर दुधामागे किलोभर खुराक, रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि हवे तेव्हा स्वच्छ पाणी मिळाले, तर उन्हाळाही तिला सुसह्य होतो.

राज्य शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपयांचे अनुदान ठरवले. निर्णय स्वागतार्हच आहे. पण बहुतेक गाई गोशाळेत नसतात. त्या दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात असतात. त्याच्या दारी कुट्टीयंत्र, बियाणे आणि पशुवैद्य पोहोचला, तरच या सन्मानाला अर्थ येईल.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी भारलेले चिमूर १६ ऑगस्ट १९४२ रोजी पेटून उठले. त्याच महाराजांनी ‘ग्रामगीते’त गोवंश सुधारण्यालाही स्थान दिले, कारण त्यांच्या लेखी भक्ती आणि व्यवस्था वेगळ्या नव्हत्या. कार्यकर्त्यांनी या सुगीत एवढेच करावे : प्रत्येक गावात तणस प्रक्रियेचे एक प्रात्यक्षिक घडवावे आणि एकही गंजी पेटू देऊ नये. गाईच्या कपाळी कुंकू लावणारा हात गव्हाणीपर्यंतही पोहोचला पाहिजे. गोसेवेची खरी परीक्षा दिवाळीत होत नाही, ती वैशाखात होते.