वसतिगृह सोडावे लागलेला विद्यार्थी

परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी मुलांना दोन मापे लावली जातात. एक गुणांचे, दुसरे आज्ञाधारकपणाचे. या दोन्ही मापांत न बसणारा मुलगा ‘वाया गेला’, असा निर्वाळा देऊन वडीलधारी मंडळी मोकळी होतात. तो देण्यापूर्वी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे विद्यार्थिजीवन एकदा नजरेखालून घालावे.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापूरला आले. राजाराम हायस्कुलात नाव होते, राहणे जैन बोर्डिंगमध्ये होते; मन मात्र पुस्तकापेक्षा तालमीत अधिक रमे. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परतल्यावर स्नान केल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे मॅट्रिकही त्यांच्या हातून झाली नाही.

प्रगतिपुस्तकात याची नोंद ‘अभ्यासात मागे, वर्तन असमाधानकारक’ अशीच झाली असती. परंतु हा हट्ट स्वतःच्या सोयीसाठी नव्हता. दुसऱ्या माणसाचा अपमान होऊ नये, म्हणून तो होता. मुलाच्या हट्टाची पारख करताना ‘तो कोणासाठी?’ हा प्रश्न आधी विचारावयास हवा. खाऊसाठी धरलेला हट्ट आणि वर्गमित्रावरील अन्याय पाहून धरलेला हट्ट यांना एकच शिक्षा देणारे घर मुलाला आज्ञापालन शिकवील. विवेक शिकवीलच असे नाही.

शाळेने आपल्याला पदवी दिली नाही, म्हणून शाळाच निरर्थक, असा निष्कर्ष भाऊरावांनी काढला नाही, हे विशेष. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास राजर्षी शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटासाठी धान्य उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही काढून दिले.

या वसतिगृहातही शिस्त कडक होती. पहाटे उठणे, पाणी भरणे, शेतात राबणे आणि अभ्यास करणे कोणालाही चुकत नसे. मात्र त्या शिस्तीमागील कारण मुलांना दिसत होते. आपल्या श्रमांतूनच आपले शिक्षण चालले आहे, हे त्यांना ठाऊक होते. ‘कमवा आणि शिका’ या योजनेचे बळ यातच होते.

आज शिकवणीला हजारो रुपये मोजणाऱ्या घरातील मूल स्वतःचे ताट उचलीत नाही, आणि त्याला तसे कोणी सांगतही नाही. दुसरीकडे ‘शिकून काय मिळणार?’ असे म्हणून शाळेविषयीची आस्थाच सोडणारे पालकही आढळतात. कर्मवीरांचे जीवन दोघांनाही उत्तर देते. शाळा हवीच, खेड्यातील मुलांसाठी ती मिळावी, म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. परंतु हाताला श्रमाची सवय आणि मनाला अन्यायाची चीड नसेल, तर उत्तम गुणांचे प्रगतिपुस्तकही अपुरेच राहते. या दोन गोष्टींचा पहिला पाठ घरातच द्यावा लागतो.