फेटे किती आणले ते सांगा, मग धम्माच्या गोष्टी करा



मे महिना लागला की रत्नागिरीच्या बौद्धवाड्यांत मुंबईकरांच्या गाड्या यायला लागतात आणि लग्नांचा धडाका सुरू होतो. त्याआधी गावच्या मंडळाची बैठक होते. यंदाच्या आमच्या बैठकीत लग्नातल्या कपड्यांवर पाऊण तास चर्चा झाली. वधूने पांढरी साडीच नेसायची. महिलांनीही शक्यतो पांढरं नेसायचं. भडक शालू नको, हिरवा चुडा नको, कपाळभर मळवट नको. आणि पुरुषांसाठी ठराव काय? 'पुरुष मंडळींनी वेळेवर उपस्थित राहावे.' बस्स. एवढाच.

हा ठराव ज्यांनी मांडला, तेच मागच्या वर्षी आपल्या पुतण्याच्या मंगल परिणयात सोनेरी जरीची शेरवानी घालून आणि डोक्याला तुऱ्याचा भगवा फेटा बांधून बुद्धमूर्तीसमोर उभे होते. शेजारी त्यांची सून पांढऱ्या साडीत. आम्ही हे त्यांना बैठकीतच विचारलं. उत्तर आलं, 'फेटा ही आपली मराठमोळी शान आहे.' म्हणजे धम्माचा भार बायकांच्या अंगावर आणि शान पुरुषांच्या डोक्यावर. अशी वाटणी कुणी करून दिली, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

त्याच लग्नातली गोष्ट सांगतो. वधूचा मामा लांज्याकडचा, चिरेखाणीवर काम करणारा. भाचीची पांढरी साडी त्याने घेतलेली, तांदळाची दोन पोतीही त्यानेच पोचवलेली. लग्नाला आला तो धुतलेला पांढरा सदरा आणि काळी पॅन्ट घालून. फेटे आणले होते 51. यादी आधीच ठरलेली: भावकीतले कर्ते, मुंबई मंडळाचे पदाधिकारी, नवरदेवाच्या ऑफिसातले साहेब, आणि शेजारच्या वाडीतले दोन पुढारी, ज्यांच्या घरच्या लग्नात आपल्यातल्या कुणाला फेटा बांधलेला आम्ही तरी पाहिलेला नाही. मामाच्या वेळेला फेटे संपले. फोटोच्या वेळी तो भाचीच्या शेजारी उभा राहिला, तर फोटोग्राफर म्हणाला, 'काका, जरा बाजूला व्हा. फेटेवाले पुढे या.' मामा बाजूला झाला. 'ऱ्हावदे, मी पंगतीकडं बघतो' म्हणाला आणि वाढायला गेला. अल्बममध्ये तो नाही.

भगव्याऐवजी निळा फेटा आणला असता तरी मामा अल्बममध्ये आला नसता. म्हणून रंगावरची भांडणं आम्हाला फार महत्त्वाची वाटत नाहीत. आमच्यातले काही तरुण 'भगवा नको, निळा बांधा' एवढ्यावर समाधान मानतात. भगव्याबद्दलचा त्यांचा राग आम्हाला समजतो. पण 51 निळे फेटे आणि 300 उघडी डोकी, हा तोच मानपान आहे. कुणाला फेटा, कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला नुसतं हात जोडून 'या, बसा'. बौद्ध पद्धतीच्या लग्नात आपण भटजी काढला, मुहूर्त काढला, हुंडा काढला असं सांगतो. माणसांची उतरंड मात्र मांडवाच्या दारातच उभी आहे, पिना आणि तुरे घेऊन.

आता आमच्यावर पहिला आक्षेप येणार तो आम्हाला ठाऊक आहे. 'फेट्याचा हक्क आपल्याला नव्हताच. आता कुठे बांधायला मिळाला, तर तुम्ही काढायला सांगता?'

हा आक्षेप खोटा नाही. बाबासाहेबांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये इंदूर भागातल्या बलाई समाजाचं उदाहरण दिलं आहे. जानेवारी 1928 च्या बातमीवरून. तिथल्या सवर्णांनी बलाईंना फर्मान काढलं होतं: जरीकाठाची पगडी बांधायची नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, आणि हिंदूंच्या लग्नात वाजंत्री मात्र वाजवायची. बलाईंनी नकार दिला तेव्हा त्यांना गावच्या विहिरींचं पाणी बंद केलं, गुरांना चरायला बंदी केली, शेतात जायची वाट अडवली. पगडीच्या काठावरून एवढं.

आणि ही 1928 ची जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातल्या मोटा गावात दलित नवरदेवाच्या वरातीवर दगड पडले. घोड्याला गावचा विरोध म्हणून घरच्यांनी घोडा आधीच रद्द केला होता. तरी दगड आले, कारण वऱ्हाडी मंडळींनी डोक्याला साफे बांधले होते. नवरदेवाने नव्हे, पाहुण्यांनी! सरपंचासह 28 जणांवर गुन्हा दाखल झाला. त्याच गावात पुढच्या वर्षी एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाली. तेव्हा लग्नात गॉगल लावून फिरणाऱ्या आपल्या पोरांना ज्येष्ठांनी उगाच हसू नये. त्या गॉगलचीही किंमत कुणीतरी मोजलेली आहे.

मोटा गावात आपल्या माणसाने साफा बांधला तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू, आणि गरज पडली तर स्वतःही बांधून वरातीत चालू. तिथे साफा बांधणं म्हणजे गावाची आज्ञा मोडणं आहे. पण रत्नागिरी तालुक्यात, आपल्याच वाडीत, आपल्याच मांडवात, आपल्या चिरेखाणीवरच्या मामाला वगळून साहेबाच्या डोक्याला फेटा बांधताना आपण कुणाची आज्ञा मोडतो? हक्क मिळवायचा तो सगळ्यांसाठी. मिळाल्यावर त्यातून आपल्यातच 51 मानकरी काढायचे असतील, तर बलाईंनी विहिरी गमावल्या त्या कशासाठी?

महाडचं भाषणही नेहमी अर्धंच सांगितलं जातं. 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती जाळली, त्यानंतर दोन दिवसांनी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडं नेसण्याची पद्धत बदला, हातभर कथलाचे आणि चांदीचे दागिने टाका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ असू द्या, असा त्याचा आशय. आपले वक्ते हे भाषण बायकांना शिस्त लावायला वापरतात. पण त्यातला मुद्दा पाहा. अंगावरच्या ज्या खुणेवरून हा खालचा, हा वरचा असं ओळखू येतं, ती खूण टाकून द्या, हा तो मुद्दा. ही कसोटी लुगड्याला लागते तशी फेट्याला का लागू नये? फेटा नेमकं तेच काम करतो. हॉलच्या दारातून आत आलेल्या माणसाला दुसऱ्या मिनिटाला कळतं, इथे कोण मोठा आणि कोण नुसता जेवायला आलेला.

पांढऱ्या रंगाचंही तसंच. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेब स्वतः पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून दीक्षेला उभे राहिले होते. समोरचे लाखो स्त्री-पुरुष पांढऱ्या कपड्यांत होते. पुरुषसुद्धा! पांढरं हे बायकांचं पथ्य आहे असं तिथे कुणी ठरवलं नव्हतं. मग ज्या मंडळाला पांढऱ्याचा ठराव करायचा आहे, त्याने तो पुरुषांपासून सुरू करावा. सदरा आणि पायजमा, किंवा पांढरा शर्ट आणि घरातली पॅन्ट. कोकणातल्या मे महिन्याच्या घामाला दुसरं काही परवडतही नाही. आणि पुरुषांना ते जमणार नसेल तर बायकांवरचा ठराव मागे घ्यावा.

सुटाबद्दलही दोन शब्द, कारण तरुण मित्र लगेच बाबासाहेबांचा सूट पुढे करतात. सूट जरूर घाला. ज्यांच्या अंगावर इतरांनी टाकलेले जुने कपडे आणि मढ्यावरची वस्त्रं आली, त्यांच्या नातवाने सूट घालावा यात आम्हाला अभिमानच आहे. पण तो सूट तुमचा असू द्या. मागच्या हंगामात एकाच वाडीतल्या अकरा पोरांनी एकसारखे ब्लेझर भाड्याने आणले. त्यातल्या तिघांनी त्यासाठी उसनवारी केली आणि चौथा ब्लेझर नाही म्हणून चुलतभावाच्या लग्नालाच आला नाही. मुंबईत सुपरवायझर असलेल्याने मॅचिंग ठरवायचं आणि गावात रिक्षा चालवणाऱ्याने ते निभवायचं, असा हा प्रकार. बाबासाहेबांच्या सुटामागे विद्या होती, पण त्यांनी तो गणवेश म्हणून कुणाला लावला नव्हता. नागपुरात तर स्वतःही घातला नाही.

आणि त्यांचं स्वतःचं लग्न आठवा. रमाई आपल्या दापोलीजवळच्या वणंदच्या. लग्न लागलं भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर, रात्री. दगडी ओटे हीच वऱ्हाड्यांची बाकं आणि पायाखालून गटाराचं पाणी. त्या लग्नाला आपण आज मान देतो तो कुणाच्या डोक्यावर काय होतं यावरून नाही.

आमच्या वाडीत यंदा दोन लग्नं आहेत. एका घराने फेटे रद्द केले. फेटेवाल्याला दिलेला हजाराचा विसार तो परत देत नाही म्हणतो. बुडाला तर बुडाला, अशी त्या घराची तयारी आहे. लांज्याचा मामा त्या लग्नाला येणार आहे, त्याला फोटोत मधोमध उभं करायचं हे पोरांनी फोटोग्राफरला आत्ताच बजावून ठेवलंय. दुसऱ्या घराशी बोलणं चालू आहे. नवरदेवाचा चुलता हट्टाला पेटलाय. म्हणतो, सगळ्यांनाच बांधतो, 400 फेटे आणतो, बायकांनासुद्धा. आणा म्हणावं. मग आम्हीही बांधू.