बिबट्या मेला तर सरकारचा, जिवंत असेल तर कुणाचा?



मार्गशीर्ष लागला की सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेची चाहूल लागते. घोड्यांचे व्यापारी येतात, पाल पडतात, लेकराबाळांसकट माणसे उघड्यावर झोपतात. हेच दिवस कपाशीच्या वेचणीचे, दादर निसवण्याचे आणि तापीकाठी ऊसतोड सुरू होण्याचे. पूर्वी या दिवसांत पारावर बोलणे असायचे ते कापसाच्या भावाचे. आता त्यात आणखी एक विषय आला आहे. कुणाच्या बांधावर पंजा उमटलेला दिसला, कुणाची बकरी गेली, कुणाच्या मोटारसायकलच्या उजेडात दोन डोळे चमकले. बिबट्याला आपण वाघच म्हणतो, आणि तो वाघ सातपुडा सोडून शिवारात आला, असे जो तो म्हणतो.

आम्ही कोरडवाहू शेतकरी. आमच्या शेतात बिबट्याला लपायला जागा नाही. मग आमच्याच बैठकीत या विषयावर लिहायचे कारण काय? कारण असे, की या प्रश्नावर आजवर दोघेच बोलत आले. एक शहरातला प्राणिप्रेमी, दुसरा 'गोळ्या घाला' म्हणणारा पुढारी. ज्याला संध्याकाळी शेतावर जावेच लागते, तो मात्र बोललेला नाही.

पहिली गोष्ट, बिबट्या 'वाट चुकून' आला, हा समज सोडून द्यावा. वाट चुकलेले जनावर महिनाभरात परत जाते किंवा मरते. हे जनावर राहते आहे, पिल्ले घालते आहे. ऊस शेतात वर्ष-दीड वर्ष उभा असतो. बिबट्याच्या मादीचे दिवस तीन-सव्वातीन महिन्यांचे, आणि पिल्ले आईजवळ राहतात साधारण दीड वर्ष. म्हणजे उसाच्या एका पिकात एक पिढी वाढून तयार होते. शेजारी पाणी असते, गावाबाहेर मोकाट कुत्री असतात, उकिरड्यावर टाकलेली मेलेली जनावरे असतात, कुडाच्या गोठ्यात बकऱ्या असतात. उसात जन्मलेल्या पिल्लाला सातपुडा ठाऊकच नाही. त्याचे रान म्हणजे आपले शिवार.

हे आम्ही मनचे सांगत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून पाहिले. आजूबाजूला मोठे जंगल नसलेल्या त्या बागायती पट्ट्यात दर शंभर चौरस किलोमीटरला सरासरी पाच मोठे बिबटे निघाले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ते खातात काय, हेही तपासले गेले. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला.

तरुण नर तर लांबलांब चालत जातात. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. 'आजोबा' हे त्याचे नाव. तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलात पोहोचला. वाटेत गावे, रस्ते, लोहमार्ग सगळे ओलांडले, माणसाला ओरखडाही काढला नाही. अमेरिकेत पहाडी सिंह म्हणून जे जनावर आहे, त्यातला एक नर मधल्या डोंगरांतून निघून दोन हजारांवर किलोमीटर चालत पूर्वेच्या समुद्रकाठच्या कनेक्टिकट राज्यात पोहोचला आणि २०११ साली मोटारीखाली मेला. तिथे तो प्राणी नामशेष झाला असे सरकारी कागद म्हणत होते. जनावर सरकारी नकाशा वाचत नाही, हे तिथेही खरे आणि इथेही.

आपल्या नकाशाचे तसेच आहे. २०२२ च्या गणनेप्रमाणे देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे. पण ही गणना मुख्यतः वाघांच्या जंगलपट्ट्यातली आहे. तापीकाठच्या उसातला, केळीतला बिबट्या त्यात कसा येणार? जो मोजलाच नाही, त्याच्यासाठी माणूस नाही, गाडी नाही, पिंजरा नाही, पैसा नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज झाले. पाणी अडले, नदी भरलेली दिसू लागली. ज्याच्यापर्यंत ते पाणी गेले त्याचा ऊस, केळी, पपई झाली. ती व्हावीच. बागायतदार आपला भाऊ आहे, त्याच्या उसावर आमचा राग नाही. पण हिशेब तर मांडला पाहिजे. पाणी आमच्या बांधापर्यंत आले नाही, बिबट्या मात्र आला. ऊस तुटला की त्यातले जनावर बाहेर पडते आणि नवा आडोसा शोधते. तेव्हा शिवारात उभे काय असते? आमची दादर, आमची कपाशी.

बिबट्याची चर्चा निघाली की मंत्री सांगतात, शेतीला दिवसा वीज देऊ. द्यावीच. जिथे अजून रात्रीची पाळी आहे तिथे ती आजच बंद झाली पाहिजे. पण कोरडवाहू शेतकऱ्याकडे पंपच नाही. तो रात्री शेतात जातो तो पाणी भरायला नव्हे, रानडुकरे हाकायला. दादर दाण्यावर आली की एक कळप एका रात्रीत वर्षाची भाकरी आडवी करतो. डुक्कर मारायला परवानगी देण्याची सोय २०१५ पासून आहे. पण कागद मिळाला तरी बंदूक कुठून आणायची आणि नेम कोणी धरायचा? म्हणून तो घोंगडी, काठी आणि विजेरी घेऊन माळ्यावर जातो. वन अधिकारी म्हणतात रात्री एकटे बाहेर पडू नका. आम्ही विचारतो, मग पीक कोण राखील?

आमच्या मायबहिणींचे तर त्याहून कठीण. कापूस वाकूनच वेचावा लागतो. उभा माणूस बिबट्याला माणूस वाटतो. वाकलेला, बसलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. म्हणून लहान मूल, परसाकडेला बसलेली बाई, गवत कापणारी मजूर यांच्यावर हल्ले होतात. २०२४ साली आपल्याच जिल्ह्यात तळोदा तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसांचे जीव गेले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात एकामागून एक बळी गेले. लोकांनी महामार्ग अडवला, तेव्हा कुठे बिबट्याला गोळी घालण्याचा हुकूम निघाला. आधी बळी, मग रस्तारोको, मग हुकूम. नंदुरबारला हा क्रम नको आहे.

मग उपाय काय? पुष्कळ जण म्हणतात, पिंजरा लावा आणि दूर नेऊन सोडा. आम्हीही आधी तेच म्हणत होतो. जुन्नरचा अनुभव कळल्यावर आम्ही मत बदलले. तिथे २००१ ते २००३ या काळात बिबटे धरधरून दूरच्या जंगलात सोडले. त्याआधी त्या भागात वर्षाला सरासरी चार हल्ले होत. सोडासोडीच्या काळात ते वर्षाला सतरा झाले. कारण समजायला सोपे आहे. अनोळखी मुलखात टाकलेले घाबरे जनावर परतीची वाट शोधत गावागावांतून फिरते, आणि इकडे रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या धरतो. आपल्या शिवारातला बिबट्या धरून अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या डोंगरात सोडला, तर तिथल्या आदिवासी भावाच्या दारात आपण संकट नेऊन ठेवले, एवढेच होईल. तो आपल्यापेक्षाही गरीब आहे. असली सुटका आपल्याला नको.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जो बिबट्या माणसावर उठला, तो खात्रीने ओळखून तातडीने धरावा, नाही धरता आला तर मारावा, आणि धरला तर पुन्हा कुठेही मोकळा सोडू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे कलम ११ मुख्य वन्यजीव रक्षकाला हा अधिकार देते. पण नुसता दिसला म्हणून प्रत्येक बिबट्याच्या मागे पिंजरा घेऊन धावण्यात अर्थ नाही.

आता भरपाईचे बघू. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारले तर तुरुंग. तो मेला तर कलम ३९ प्रमाणे त्याचे कातडे, नखे, दात सरकारची मालमत्ता. मेल्यावर जो सरकारचा होतो तो जिवंतपणी कुणाचा? बकरी खाल्ली की सरकार म्हणते ते रानटी जनावर आहे, आम्ही 'मदत' देऊ. मदत आणि भरपाई यात फरक आहे. मदत मेहेरबानी असते, भरपाई देणे असते.

माणूस गेला तर वारसांना २५ लाख रुपये, हा दर २०२३ सालचा. त्याआधी २० लाख होता. जनावरांसाठी नियम असा, की गाय, म्हैस, बैल मेला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यांतली कमी असेल ती रक्कम. शेळी-मेंढीला ७५ टक्के किंवा १५ हजार, यांतली कमी ती. ६० हजारांचा बैल गेला तर हाती ४५ हजार. वरचे १५ हजार कुणी भरायचे? सरकारच्या जनावराने माझा बैल खाल्ला, त्यात माझा चौथा हिस्सा कशासाठी? आणि नांगरटीच्या वेळी बैल गेला तर बुडालेल्या हंगामाचा हिशेब कुठल्याच कागदात नाही.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील मागण्या ठरावासाठी ठेवतो.

१. मेलेल्या जनावराची भरपाई पूर्ण बाजारभावाने द्यावी, आणि पंचनाम्यापासून तीस दिवसांत रक्कम खात्यावर जमा व्हावी. उशीर झाल्यास व्याज द्यावे.

२. रात्रीच्या पाळीची शेतीची वीज संपूर्ण बंद करून ती दिवसा द्यावी.

३. सौर कुंपणाचे अनुदान वनहद्दीपासूनचे अंतर न बघता, जिथे डुकरांचा आणि बिबट्याचा वावर नोंदला गेला त्या तापीकाठच्या कोरडवाहू गावांना मिळावे. डुक्कर थांबले तर रात्रीची राखण थांबेल, आणि राखण थांबली तर माणूस वाचेल.

४. बकऱ्या राखणाऱ्या भूमिहीनांना आणि अल्पभूधारकांना पक्क्या, वरून झाकलेल्या गोठ्यासाठी जाळी द्यावी. बारा-पंधरा हजारांची एकेक बकरी भरून देण्यापेक्षा जाळी स्वस्त पडेल.

५. ऊसतोडीच्या हंगामात प्रत्येक कारखान्याने तोडीचे वेळापत्रक शेजारच्या गावांना आधी कळवावे, आणि वनखात्याचे पथक त्या काळात तालुक्यात हजर असावे.

सरकारकडे मागताना आपल्याकडूनही काही झाले पाहिजे. मेलेली जनावरे गावाजवळ उघडी टाकणे बंद करा, पुरा. बकऱ्या रात्री दार लावून कोंडा. वेचणी अंधार पडायच्या आत संपवा, बायांना एकेकटे ओळीत सोडू नका, मुलांना बांधावर झोपवू नका. उसात पिल्ले सापडली तर उचलून घरी आणू नका. आई जवळच असते आणि ती परत येते. तोड थांबवा, वनखात्याला १९२६ या नंबरवर फोन करा. बिबट्या दिसला म्हणून शे-दोनशे माणसांनी त्याला घेरू नका. कोंडीत सापडलेले जनावर वाट मिळेल तिकडे झेप घेते, आणि मध्ये असतो तो आपलाच पोरगा. मेलेल्या बकरीत विष घालू नका, कुंपणात वीज सोडू नका. त्या तारेला पहिला चिकटतो तो शेजारी किंवा आपलाच सालदार.

जनावर मारले गेले तर ते जागेवरून हलवू नका, ४८ तासांच्या आत कळवा, पंचनाम्याची नक्कल मागून घ्या. आणि गावात एक वही ठेवा. तारीख, गट नंबर, काय दिसले, काय गेले, कुणाला कळवले, कोण आले, पैसे कधी मिळाले. सरकारच्या गणनेत आपला बिबट्या नाही, तर आपल्या वहीत असू द्या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने ती वही बरोबर आणावी. त्या वह्या एकत्र करून आपण त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि वनखात्याच्या टेबलावर ठेवू, आणि मग विचारू, हे जनावर कुणाचे?