टाळ्या घेतल्या, आता पैसे मोजा

समाजबांधवहो, एसएसएलसीच्या परीक्षेआधी आपल्या कलघटगीत आणि आसपासच्या गावांत घोषणांचा हंगाम असतो. "नव्वद टक्के मिळवणाऱ्या समाजाच्या प्रत्येक मुलाला पाच हजार!" टाळ्या पडतात, पेपरात फोटो येतो. निकालानंतर मुलाचा बाप चार हेलपाटे घालतो आणि ऐकतो काय, तर "साहेब बेंगळूरला गेलेत." अशा तक्रारी आमच्याकडे एक-दोन नाहीत.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हे दान नव्हे, देणे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे आठवे कलम सांगते, प्रस्तावातली अट पुरी केली की तोच स्वीकार. मुलाने अर्ज करून "मान्य आहे" कळवायची गरज नाही. आपल्या गावचा पाळणे करणारा कारागीरसुद्धा इसार घेतला की पाळणा देतो, तेव्हा त्याला कुणी दानशूर म्हणत नाही!

वकील म्हणतील, पुढाऱ्याचा स्वतःला बांधून घेण्याचा इरादा होता हे दाखवा. इंग्लंडातल्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीनेही हेच म्हटले होते, की जाहिरात कोण मनावर घेतो? पण बक्षिसासाठी बँकेत हजार पौंड ठेवल्याचे तिनेच छापले होते. १८९२ साली कोर्टाने कार्लिलबाईंना शंभर पौंड द्यायला लावले. छापील कागदाची किंमत ही अशी.

उलट गोष्ट १९१३ ची. कानपूरच्या गौरीदत्तांचा पुतण्या पळून गेला. मुनीम लालमन त्याला शोधायला हरिद्वारकडे गेला आणि त्याच्या पाठीमागे ५०१ रुपयांच्या बक्षिसाची पत्रके निघाली. मुलगा त्यानेच शोधला, पण पत्रकाची त्याला खबर नव्हती. शिवाय शोधणे हे त्याचे कामच होते. अलाहाबाद हायकोर्टाने त्याचा दावा फेटाळला.

आपल्या तालुक्यात असे लालमन पुष्कळ आहेत. घोषणा होते कलघटगीच्या स्टेजवर, अभ्यास करणारी पोर असते वाडीवर. तिला खबरच नसेल तर कायदाही हात वर करतो. निकालानंतर सत्कारात जाहीर केलेली रक्कम तर निव्वळ मर्जीची.

म्हणून आमची मागणी आहे: बक्षीस परीक्षेआधी, लेखी, तारीख-सहीनिशी, मराठी आणि कन्नड दोन्हींत गावोगाव लावा. मागे घ्यायचे तर तेही निकालाआधी, तितकेच उघडपणे. आमचे मंडळही यातून सुटत नाही. येत्या सत्काराला मागच्या तीन वर्षांच्या घोषणांची यादी घेऊन आम्ही पहिल्या रांगेत बसणार आहोत.